भिंत आधी वाळू द्या, मग रंगाचं बघू

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

'ताई, आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. पुढची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. दोन खोल्यांवर स्लॅब आहे, स्वयंपाकघरावर जुने सिमेंटचे पत्रे. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. सासूबाईंनी तीस वर्षं विड्या वळून हे घर उभं केलं. गेली बारा वर्षं घराला रंग नाही. पुढच्या खोलीत मोरीच्या बाजूच्या भिंतीचे गुडघ्यापर्यंत पोपडे निघालेत, रोज झाडताना पांढरी भुकटी निघते. मुलगी मैत्रिणींना घरी आणत नाही. रंगाऱ्यानं सगळ्या घराचे 45 हजार सांगितले, माझ्याकडे भिशीचे 18 हजार आहेत. म्हटलं, घरच्यांनी मिळून करू. कुणी काय करायचं याची यादी करून फ्रिजवर लावली. तीन रविवार गेले, कुणी हललं नाही. मिस्टर म्हणतात, रंगारी लावायची ऐपत नाही हे गल्लीला दाखवायचंय का? सासूबाई ज्या भिंतीला टेकून विड्या वळायच्या, तिला हातच लावू देत नाहीत. तिथं त्यांच्या पाठीचा तेलकट काळा डाग पडलाय. गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, माझ्या माहेरची माणसं येणार आहेत. तोवर घर चांगलं दिसावं, एवढंच. काय करू?'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा भिंतीसाठी, एकदा त्या फ्रिजवरच्या यादीसाठी. दोन्हीकडे दुखणं आत आहे आणि तुम्ही वरून मलम लावायला निघालात, असं मला वाटतं. आधी भिंतीचं बोलू, ते सोपं आहे.

पोपडे कुठं आहेत हे तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यातच निम्मं उत्तर आलं. स्लॅब गळत असता तर डाग वरून खाली उतरले असते. जमिनीची ओल असती तर सगळ्याच भिंतींच्या पायाशी थोडीफार दिसली असती. तुमच्याकडे एकाच भिंतीला, तेही मोरीच्या बाजूला आणि गुडघ्यापर्यंतच आहे. म्हणजे संशयित मोरीच. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी. पाणी आलं की बायाबापड्या पिंप, कळशा, घागरी, दिसेल ते भांडं काठोकाठ भरतात. मोरीत पाणी सांडतं, पिंपामागच्या कोपऱ्यात साचतं आणि फरशीच्या उघड्या सांध्यांतून भिंतीत मुरतं. विटा आणि गिलाव्यातले क्षार त्या पाण्यात विरघळतात. खोलीच्या बाजूला पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे खडे रंगाला आतून ढकलून पाडतात. ती पांढरी भुकटी म्हणजे हाच लोणा. घरात बोअरचं जड पाणी वापरत असाल तर आणखी भर.

खात्री करायची असेल तर मुलाला कामाला लावा. दुधाच्या मोठ्या पिशव्या कापून फूटभराचे दोन चौकोन करायचे. एक खराब भिंतीवर, एक आजीच्या भिंतीवर, चारही कडा चिकटपट्टीनं बंद. दोन दिवसांनी बघायचं. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतल्या हवेची ओल. सहावीतल्या पोराला हा खेळ आवडतो. शिवाय निकाल त्यानं सांगितला की घरात त्याचं म्हणणं ऐकलं गेल्यासारखं होतं.

आता मोरी. पिंप हलवा. फरशी शहाबादी असेल तर तिचे सांधे टोकदार खिळ्यानं उकरून बघा, काळं मऊ काही निघालं तर तिथून पाणी जातंय. फरशी आणि भिंत मिळते तो कोपरा आणि जाळीभोवतीची कड, या दोन जागा मी आधी बघेन. इथं घरच्यांनी कारागिरी करू नये. एक गवंडी एका दिवसासाठी बोलवा, सांधे आणि कोपरे जलरोधक द्रावण घातलेल्या सिमेंटनं भरून घ्या, पाण्याचा उतार जाळीकडे आहे ना ते एक तांब्या ओतून त्याच्यासमोरच बघा. मग पिंप परत ठेवताना खाली दोन विटा किंवा लोखंडी स्टँड, आणि भिंतीपासून चार बोटं लांब.

भिंतीचा ढिला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका. नाकाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुऊ नका, धुतलं की क्षार परत आत जातात. आणि मग ती तशीच उघडी सोडा. 9 इंची विटांची भिंत चार दिवसांत वाळत नाही. निदान महिना-दीड महिना धरा, पंखा सोडलात तर थोडं लवकर.

म्हणजे गड्ड्याला ती भिंत उघडीच असणार. वाईट वाटलं ना? मलाही असंच वाटलं होतं. भावाच्या लग्नात आमच्या पुढच्या खोलीच्या ओल्या भिंतीवर आम्ही लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ऑइलपेंट मारून घेतला. रंगारी म्हणाला, 'ताई, काय होत नाही.' आरशासारखी चमकली भिंत. तीन महिन्यांत लांबीचे ताटाएवढे पापुद्रे सुटून पडले, आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक पाहुणा आधी भिंतीकडे आणि मग आमच्याकडे बघायचा. ऑइलपेंट पाण्याची वाट अडवतो, पाणी थांबवत नाही.

आता यादीकडे येते. जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

तुम्ही रंग ठरवला, दिवस ठरवला, कुणी कुठली भिंत घासायची ते ठरवलं, आणि बाकीच्यांच्या वाट्याला घासणं ठेवलं. ठरवणं सगळं तुमच्याकडे राहिलं आणि हमाली त्यांच्याकडे गेली. आठवडाभर कारखान्यात दुसऱ्यानं सांगितलेलं काम करून आलेला माणूस रविवारी फ्रिजवरचा कागद वाचून कामाला लागेल का? माझी सूचना एवढीच, की तो कागद काढा आणि घरातल्या प्रत्येकाला एक अशी गोष्ट द्या जिचा शेवटचा शब्द त्याचा असेल. तुम्हाला न आवडणारा शब्दही चालवून घ्यायचा. हे अवघड आहे, मला माहीत आहे. माझ्या मुलानं त्याच्या कोपऱ्याला निवडलेला जांभळा मी सात वर्षं सोसला.

सुरुवात सासूबाईंपासून करा. तो डाग तुम्हाला घाण दिसतो. त्यांच्या दृष्टीनं ती तीस वर्षांची हजेरी आहे. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, पाठीला ती भिंत, आणि वळलेल्या हजार विड्यांवर ठरणारी मजुरी. ज्या भिंती त्यातून उभ्या राहिल्या त्यांतली एक पुसायला निघालेल्या सुनेला त्या हो कशा म्हणतील? त्यांच्याकडे शेडकार्ड घेऊन जा आणि विचारा, 'या भिंतीला कुठला रंग द्यायचा?' 'द्यायचा का' असं नका विचारू. त्यांनी हिरवा सांगितला तर हिरवा. आणि त्यांचं सूप अजून माळ्यावर असेल तर ते पुसून त्याच भिंतीवर, डागाच्या जागी, एका खिळ्याला टांगायचं का तेही त्यांनाच विचारा. नाही म्हणाल्या तर विषय सोडून द्या. काही बायकांना ते सूप पुन्हा डोळ्यांपुढे नकोही असतं. पाठ दुखलेली असते त्यांची.

एक व्यवहाराची गोष्ट. तेलकट डागावर थेट डिस्टेंपर मारला तर तो आठवडाभरात वर फुटून येतो. सोड्याच्या कोमट पाण्यानं दोनदा पुसा, वाळू द्या, पॉलिश पेपर फिरवा आणि तेवढ्या भागाला ऑइल बेसचं अस्तर, म्हणजे प्रायमर, एक हात जास्त द्या.

मिस्टरांचा प्रश्न ऐपतीचा आहे, आणि तो खोटा नाही. गल्लीत माणसं बोलतात. म्हणून त्यांना घरातलं घासकाम देऊ नका, गच्ची द्या. ते काम मार्चमधलं आहे, त्यावर पुढे येते. आत्ता त्यांना गवंडी आणि वायरमन ठरवणं, दर काढणं आणि काम करून घेणं द्या. कारखान्यात मशीन बिघडलं की फिटरकडून काम कसं करून घ्यायचं हे ज्याला कळतं, त्याला हे जमतं. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. गवंडी दोनशे रुपये जास्त घेऊन गेला तरी.

मुलीला तिचा अभ्यासाचा कोपरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, त्यामुळे तिचे दोन रविवारच घ्यायचे. लाकडाच्या वखारीत जुन्या दाराची फळी मिळते का बघा, जाड आणि सरळ. तुमच्या किंवा शेजारणीच्या मोडक्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा असेल तर त्यावर ती फळी बसवली की टेबल तयार, उंचीही बरोबर येते. त्यावर एक चांगला दिवा. तो कोपरा कुठं असावा, हे तिनं ठरवावं. ती कदाचित पुढची खोली सोडून मधल्या खोलीची खिडकी मागेल. मैत्रिणींना न आणण्याचं कारण पोपडे असतीलही, पण दहावीतल्या मुलीला दार लोटून बसायला जागा नसणं हेही कारण असू शकतं. एकदा विचारून बघा, भुकटीचा विषय न काढता.

आता गड्ड्याआधीचा रंग. पुढची खोली 10 बाय 12 ची आणि 9 फूट उंच धरली तर चारही भिंतींचं मिळून 396 चौरस फूट होतं. दार-खिडकी वजा केली की 360 च्या आसपास. त्यातून मोरीची भिंत काढली की 270 उरतात. साध्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात मारून साधारण 60 चौरस फूट होतात, म्हणजे भिंतींना साडेचार लिटर आणि वरच्या 120 चौरस फुटांच्या छताला पांढरा दोन लिटर. दुकानदार 20 लिटरची बादली 'स्वस्त पडते' म्हणून गळ्यात मारेल. घेऊ नका, उरलेला रंग माळ्यावर दगड होऊन बसतो.

रंगाआधी तळहात भिंतीवर घासून बघा. हाताला पांढरं लागलं तर खाली जुना चुना आहे, त्यावर इमल्शन धरत नाही. पत्तीनं खरवडा, झाडा, मग अस्तर. भेगांत लांबी, ती वाळली की पॉलिश पेपर, मग छत, मग भिंती, आणि दारं शेवटी. वरून खाली. बायका बऱ्याचदा उलटं करतात, कारण दार हाताच्या उंचीवर असतं.

दारांबद्दल मात्र थांबा. घर जुनं आहे, दारांवर ऑइलपेंटचे कितीतरी थर असतील. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. ती भुकटी कोरडी घासून उडवायची नाही आणि पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. ओला पॉलिश पेपर, नाकाला मास्क, खाली प्लास्टिक, आणि ते प्लास्टिक गुंडाळून थेट कचऱ्यात. दाराचा रंग निघत नसेल, घट्ट असेल, तर वरवर ओलं घासून त्याच्यावरच नवीन हात मारा. सगळं उघडं लाकूड दिसायलाच हवं असं काही नाही.

घासकाम पाणी यायच्या आदल्या दिवशी ठेवा. पाण्याच्या दिवशी फरशी, ब्रश, रोलर, अंगावरचे कपडे आणि पोरं, सगळं एकदम धुऊन निघतं. हे वेळापत्रक पाळलं नाही तर रंगाचे हात घेऊन शेजारी कळशी मागायला जावं लागतं.

वायरिंगला घरच्यांनी हात लावायचा नाही, यात तडजोड नाही. वायरमनला बोलावलंत तर अर्थिंग तपासून घ्या आणि बटणं बदलताना मधोमध लटकणारी ट्यूब काढून दोन भिंतींना दोन एलईडी दिवे लावून घ्या. खोली मोठी दिसते, रंगानं दिसते त्यापेक्षा जास्त.

पडदे आणि दिवाणाच्या आवरणाला बाहेर पैसे घालू नका. आपल्या गावच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपणच पॉलिस्टरचे फुलाफुलांचे पडदे आणतो, याला काय म्हणावं. मिस्टरांच्या ओळखीनं धागा सुटलेला, कडेला डाग पडलेला सेकंडचा माल मिळाला तर तुमचं मशीन घरातच आहे. जाड चादर पश्चिमेच्या खिडकीला चांगली. डाग शिवणीत दाबून टाका.

आता मार्च. आपल्या गावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा स्लॅब रात्री अकरालाही तव्यासारखा असतो. वाळ्याचे पडदे लावा असं पुण्याचे लोक सांगतात. भिजवायला पाणी कुठून आणायचं, ते सांगत नाहीत. त्यापेक्षा गच्चीला चुना. मार्चच्या सुरुवातीला, मुलीचे पेपर बघून. गच्ची झाडून, भेगा भरून घ्यायच्या. विझवलेला चुनाच विकत घ्यायचा. कळीचा चुना घरी विझवायचा नाही, पाणी पडताच तो उकळून उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून दुधाएवढा पातळ करायचा, बादलीला थोडा फेविकॉल. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, स्लॅबवर पाण्याचा हबका मारून पातळ हात द्यायचा. असे तीन हात, एक वाळल्यावर दुसरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला थोडी ओल लागते. भर उन्हात लावला तर पावडर होऊन उडतो. हातमोजे, चष्मा, आणि पिण्याच्या टाकीचं झाकण घट्ट. पांढरी गच्ची ऊन परत फेकते. मिस्टरांनी दुपारी दोनला आपल्या गच्चीवर आणि मग शेजारच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवून बघावा. गल्लीला काय दाखवायचं, याचं उत्तर त्यांना तिथं मिळेल. पाऊस चुना धुऊन नेतो, दर मार्चला पुन्हा लावायचा.

स्वयंपाकघराच्या पत्र्यांना यंदा हात नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं, फुप्फुसाला घातक असे बारीक तंतू. छिद्र पाडायचं नाही, तारेच्या ब्रशनं घासायचं नाही, वर चढायचं तर मुळीच नाही, माणसाच्या वजनानं फुटतात. खाली कापडाचं छत बांधा असं कुणी सुचवेल, पण गॅसच्या वर कापड नको. मधली खोली पुढच्या भिशीला.

पैसे मी असे मांडले असते: मोरीला 3,000. पुढच्या खोलीच्या रंगाला, ब्रश-रोलर धरून, 4,000. वायरमनला 1,500 आणि मुलीच्या टेबलाला 1,500. मोरीची भिंत वाळली की तिच्या गिलाव्याला आणि रंगाला 2,500. मार्चच्या गच्चीला 2,500. उरले 3,000, त्यांना हात लावायचा नाही. भिंत उघडली की आत काय निघेल ते कुणी सांगावं. दर दुकानागणिक बदलतात, दोन ठिकाणी कागदावर लिहून घ्या, म्हणजे मिस्टरांनी लिहून घ्या.

शिडी विकत घेऊ नका, रंगाऱ्याची घोडी दिवसाच्या भाड्यानं मिळते. मुलगा वर चढणार नाही.

आणि माहेरची माणसं. भोगीला सिद्धेश्वरांच्या विवाहाच्या अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला होम मैदानावर दारूकाम, तीन दिवस ती घरात कमी आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे जास्त असतील. परत येतील ती दमून, गरम भाकरी आणि शेंगाचटणी मागत. खोलीच्या तीन भिंती रंगवलेल्या असतील, त्यातली एक सासूबाईंच्या पसंतीची. चौथीच्या विटा गुडघ्याच्या वरपर्यंत उघड्या असतील. तिच्यापुढे कपाट सरकवू नका, चादर टांगू नका, तिला वारा हवा आहे. वहिनीनं विचारलं तर मुलाला उत्तर देऊ द्या. प्लास्टिकचे ते दोन तुकडे त्यानं जपून ठेवलेले असतील, तो सगळं पहिल्यापासून सांगेल.